क्रूझच्या सुट्टीत स्कूबाचं सर्टिफिकेट: आमचं कसं झालं, कुठे अडलं

खारावारा

नमस्कार मंडळी. मागच्या डिसेंबरात आम्ही दोघं गॅल्व्हस्टनहून सात रात्रींच्या क्रूझवर गेलो होतो. राहतो ह्यूस्टनला, त्यामुळे बंदर गाडीने तासाभरावर. त्याच सुट्टीत स्कूबाचं ओपन वॉटर सर्टिफिकेट घ्यायचं ठरवलं होतं. नवऱ्याचं जहाजावरून उतरायच्या आत झालं. माझं अर्ध्यावर राहिलं, ते एप्रिलमध्ये पुरं झालं. तयारी करताना मराठीत या विषयावर नीट असं काही मला सापडलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी एक घोळ मिटवते. बंदरावर उतरल्यावर अर्ध्या दिवसात जे स्कूबा करवतात, ते सर्टिफिकेट नाही. त्यात इन्स्ट्रक्टर सतत शेजारी असतो, जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत नेतो आणि वर आणतो. अनुभव म्हणून छान आहे, पण पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सुरुवात. ओपन वॉटरचं कार्ड मिळालं की तुम्ही जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जाऊ शकता आणि ते कार्ड जगभर चालतं. म्हणून त्याला अभ्यास आहे, पोहण्याची परीक्षा आहे (२०० मीटर न थांबता, वेगाची अट नाही, शिवाय १० मिनिटं पाण्यावर तरंगणं), पोहण्याच्या तलावातले धडे आहेत आणि शेवटी समुद्रात चार डाइव्ह आहेत.

आता हे सगळं क्रूझवर बसत नाही. सात दिवसांतले तीन-चार दिवस जहाज नुसतं चालत असतं आणि बंदरावर सात-आठ तास मिळतात. त्यातून उतरायला-चढायला वेळ जातो. त्यामुळे आम्ही रेफरल पद्धत घेतली. अभ्यास ऑनलाइन, घरी. तलावातले धडे ह्यूस्टनच्या डाइव्ह शॉपमध्ये. मग तिथल्या इन्स्ट्रक्टरने सही केलेला फॉर्म घेऊन जायचं आणि फक्त चार डाइव्ह बंदरांवर करायच्या. तलावाचा भाग संपल्यापासून १२ महिने हा फॉर्म चालतो. ही मुदत पुढे माझ्या फार कामी आली.

घरी करायचं खरं कारण वेळेपेक्षा वेगळं आहे, ते सांगते. तलावात एक धडा असतो: मास्कमध्ये पाणी भरू द्यायचं, मग वरची कड कपाळाशी दाबून नाकाने फुंकून ते बाहेर काढायचं. पुढे पूर्ण मास्क काढून परत घालायचा. मी लहानपणी नदीत पोहायला शिकलेली, पाण्याची भीती कधी नव्हती. तरी मास्क निघाला, क्लोरीनचं पाणी नाकाशी आलं आणि मी तोंडातल्या रेग्युलेटरमधून (टाकीतली हवा तोंडात देणारं उपकरण) श्वास घ्यायचा सोडून थेट वर आले. खोली चार फूट! दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळी इन्स्ट्रक्टरने मला आधी मास्क न घालता नुसतं रेग्युलेटरवर पाच मिनिटं पाण्यात तोंड घालून बसवलं. नाक उघडं, पाणी आहे, तरी श्वास तोंडातून चालू आहे, हे शरीराला पटायला तेवढा वेळ लागला. त्यानंतर कधीच अडलं नाही. आता हेच जर बंदरावर झालं असतं, दुपारी साडेतीनला जहाजावर परत असायचं असताना, तर मला तीन संध्याकाळी कुणी दिल्या असत्या?

आमचा मार्ग असा होता: रविवारी निघालो, दोन दिवस समुद्र, बुधवारी होंडुरासचं रोआतान बेट, गुरुवारी बेलीझ, शुक्रवारी मेक्सिकोचं कोझुमेल, शनिवारी समुद्र, रविवारी परत. बेलीझला मोठी जहाजं किनाऱ्यापासून बरीच लांब नांगरतात आणि छोट्या बोटीने जावं लागतं, त्यात सकाळ जाते. म्हणून तिथे डाइव्ह ठेवली नाही. रोआतानला दोन, कोझुमेलला दोन, असं आधीच दोन्हीकडच्या शॉपना मेल करून ठरवलं. पहिल्याने आपल्या दोन डाइव्ह फॉर्मवर सही करून द्यायच्या आणि दुसऱ्याने तिथून पुढे घ्यायचं, हे लेखी विचारून घेतलं होतं. सर्टिफिकेट देणारी एजन्सी दोन्हीकडे एकच असेल तर हे सोपं जातं.

रोआतानचा दिवस मी विसरणार नाही. खडक किनाऱ्यापासून इतका जवळ की बोटीने दहा मिनिटंही लागली नाहीत. सहा मीटरवर पांढऱ्या वाळूत गुडघ्यांवर बसलो. इन्स्ट्रक्टरने तळहात दाखवून थांबवलं आणि एकेकाला खूण केली. माझी पाळी आली, मास्क भरला, फुंकला, पाणी गेलं. समोर त्याची बोटं ओकेच्या गोलात आणि त्याच्या मागे जांभळा सी फॅन (पंख्यासारखं प्रवाळ) लाटेबरोबर डावीकडे-उजवीकडे डुलत होता. लाल रंग खाली लवकर विरतो हे वाचलं होतं, पण स्वतःच्या लाल स्विमसूटची बाही मातकट तपकिरी झालेली बघणं वेगळंच.

गुरुवारी रात्री केबिनचा एसी अंगावर आला आणि शुक्रवारी सकाळी माझं नाक चोंदलेलं. कोझुमेलला पाण्यात उतरले. दोन मीटर, ठीक. तीन, उजव्या कानाला दडा. नाक चिमटीत धरून हलकं फुंकलं, डावा सुटला, उजवा नाही. थोडं वर येऊन परत प्रयत्न केला. चार मीटरवर सुई टोचल्यासारखं दुखलं. मी कानाकडे बोट दाखवलं, तळहात डोलवून "बरं नाही" सांगितलं. इन्स्ट्रक्टरने तिसऱ्यांदा प्रयत्न करायला लावला नाही. अंगठा वर दाखवला. (पाण्याखाली त्याचा अर्थ "छान" असा नाही, "वर चला" असा आहे. नव्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा.) मी बोटीवर बसून राहिले. नवरा दोन डाइव्ह करून, टोडफिश बघून आला. तो चट्ट्यापट्ट्यांचा, पिवळ्या कडांचा मासा कोझुमेलच्या आसपासच सापडतो. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण कान शाबूत राहिला.

उरलेल्या दोन डाइव्ह एप्रिलमध्ये ह्यूस्टनच्या उत्तरेला हंट्सव्हिलजवळच्या ब्लू लगूनला केल्या. जुन्या खाणीत साठलेलं पाणी, टेक्सासातले बरेच विद्यार्थी तिथेच उत्तीर्ण होतात. प्रवाळ नाही, काही नाही, पाणी गार. कार्ड तेच मिळालं.

कुणी हे केलं असेल तर लिहा. विचारायचं असेल तर विचारा.

---

कल्याणकर

ताई, फार उपयोगी लिहिलंत. आम्ही मे महिन्यात भारतातून येऊन मायामीहून चार रात्रींची बहामाची क्रूझ घेतोय. मी, बायको आणि १२ वर्षांचा मुलगा. मुलाला सर्टिफिकेट मिळतं का? आणि क्रूझ सकाळी संपते, त्याच दिवशी दुपारी आमचं विमान आहे. ते चालेल का?

---

खारावारा

कल्याणकर, मुलाला मिळेल. १० ते १४ वयात ज्युनियर ओपन वॉटर असतं. १० आणि ११ वर्षांच्या मुलांना १२ मीटरपर्यंतच आणि पालक किंवा व्यावसायिक डायव्हर बरोबर हवा. तुमचा १२ चा आहे, म्हणजे सर्टिफिकेट असलेल्या मोठ्या माणसाबरोबर १८ मीटर. पण त्याला स्वतःला हवंय का, हे आधी विचारा. तलावातच कळेल.

विमानाचं गणित काळजीने करा. खाली असताना रक्तात आणि ऊतींत नायट्रोजन विरघळतो, तो वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. विमानात दाब कमी असतो, म्हणून अंतर ठेवावं लागतं. डॅन या डायव्हर्सच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला असा: एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, एकाहून जास्त डाइव्ह किंवा ओळीने काही दिवस डाइव्ह असतील तर किमान १८ तास. तुम्ही आदल्या दिवशी दुपारी दोनला शेवटच्या डाइव्हहून वर आलात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकचं विमान असेल तर २३ तास होतात. सकाळी आठचं असेल तर जेमतेम १८, तेवढ्यावर मी नाही जाणार. आमचा कोझुमेलनंतर पूर्ण दिवस समुद्रात होता, तसं वेळापत्रक सगळ्यात बरं.

आणि चार रात्रींच्या क्रूझवर चार डाइव्ह बसवणं मला अवघड दिसतं. दोनच बंदरं असतात, त्यात एक दिवस वाऱ्याने गेला की संपलं.

---

कानसेन

मी नाक-कान-घशाचा डॉक्टर आहे, पुण्यात. गेली काही वर्षं स्वतःही डाइव्ह करतो. खारावारा यांनी वर यायचा निर्णय घेतला तो अगदी बरोबर होता.

कानाचं लोकांना उलटं वाटतं. खोल गेल्यावर त्रास होईल असं धरून चालतात. खरं तर सगळ्यात मोठा फरक पहिल्या १० मीटरमध्ये पडतो. पृष्ठभागावर एक वातावरणाचा दाब, १० मीटरवर दोन, म्हणजे मधल्या कानातली हवा निम्म्या जागेत येते. २० मीटरवर तीन, म्हणजे एक तृतीयांश. आकारमानातला मोठा बदल वरच्या पट्ट्यातच झालेला असतो. म्हणून नाक धरून फुंकणं पाण्यात शिरल्या शिरल्या सुरू करा, दुखायची वाट बघू नका. वीतभर खाली, एकदा फुंका. आणखी वीतभर, परत. डोकं वर, पाय खाली ठेवून दोर धरून उतरलात तर बहुतेकांना सोपं जातं. नुसता आवंढा गिळूनही काहींचे कान सुटतात.

जोर लावू नका. जोराने फुंकल्याने आतल्या कानाला इजा होऊ शकते आणि ती कायमची असू शकते.

दुसरं, आपल्याकडे लोक सर्दीची गोळी किंवा नाकात थेंब टाकून उतरतात. औषधाचा अंमल खालीच संपला की वर येताना हवा बाहेर पडायला वाट उरत नाही. खाली जाताना अडलं तर वर येता येतं. वर येताना अडलं तर तुम्ही काय कराल? सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नको. क्रूझवर एसीचा झोत अंगावर घेऊ नका, पाणी भरपूर प्या, आदल्या रात्री दारू नको. बोट लागण्याच्या गोळ्यांनी काहींना झोप येते, त्या घरी एकदा घेऊन बघा, पहिला प्रयोग समुद्रात नको.

---

शिंपला

आमच्या घरची गोष्ट लिहिते, कारण यातून इतरांचा तरी दिवस वाचेल.

माझ्या मिस्टरांना लहानपणी दमा होता. आता वीस वर्षांत इनहेलर लागलेला नाही. अभ्यास आणि तलाव इथे न्यू जर्सीत झाला तेव्हा तब्येतीच्या प्रश्नांच्या मेडिकल फॉर्मवर त्यांनी "नाही" लिहिलं, कारण आता काही नाही असं त्यांना मनापासून वाटत होतं. बंदरावरच्या शॉपने परत नवा फॉर्म दिला, तेव्हा मी म्हटलं की खरं ते लिहा. त्यांनी "हो" वर खूण केली. झालं. "हो" एक जरी असलं तरी तेव्हाच्या फॉर्मवर डॉक्टरांची सही लागायची. जहाजावरच्या दवाखान्यात विचारलं, त्यांनी सही द्यायला नकार दिला. मी बोटीवर गेले, हे धक्क्यावर थांबले.

तिथल्या माणसाने एवढंच म्हटलं की आम्ही घासाघीस करत नाही, दम्यात हवा फुप्फुसात अडकली आणि माणूस वर आला तर ती फुगते. त्याचं बरोबर होतं. माझा राग आहे तो आमच्या आधीच्या शॉपवर. तिथे फॉर्म देताना कुणीही समजावून सांगितलं नाही की "पूर्वी कधी" हेही विचारलंय. दोन महिने आधी कळलं असतं तर फुप्फुसाची तपासणी करून सही घेतली असती.

दमा, हृदयाचं काही, कानाची शस्त्रक्रिया, मधुमेह, ४५ च्या पुढे वय आणि सोबत रक्तदाब, कोलेस्टेरॉल किंवा सिगारेट, यातलं काहीही असेल तर तो फॉर्म महिना-दोन महिने आधी डाउनलोड करा, घरच्या डॉक्टरांकडे जा, सही घ्या आणि छापील प्रत बॅगेत ठेवा. गरोदर असाल तर डाइव्ह नाहीच.

---

मालवणचो_वारो

आमच्याकडे दर आठवड्याला लोक येतात आणि सांगतात, "मी मालवणला स्कूबा केलंय, मला थेट पुढचा कोर्स द्या." त्यांना वाईट न वाटू देता सांगावं लागतं की सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ तुम्ही जे केलंत त्यात आमच्या पोराने तुमची टाकी मागून धरली होती. तुम्ही खाली पाहिलंत, व्हिडिओ निघाला, मासे दिसले, आनंद झाला. पण श्वासावर तरंगणं तुम्ही शिकला नाहीत. किती हवा उरली हे गेजवर तुम्ही बघितलं नाहीत.

भारतातून क्रूझला जाणाऱ्यांसाठी: अभ्यास आणि तलाव इथे करून जा. मुंबई-पुण्यात करून देणारे आहेत. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे खास तलाव आहे. समुद्र आमच्याकडे पावसाळ्यात बंद असतो, जून ते सप्टेंबर विचारू नका. कल्याणकर, तुम्ही मे मध्ये जाणार, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर चारही डाइव्ह इथेच होतील आणि क्रूझवर कार्ड खिशात घालून जाल. मग बहामात मजेने डाइव्ह करा, परीक्षा देत बसू नका.

---

तिसरा_डेक

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. घड्याळ!

कोझुमेल ज्या किंताना रो राज्यात आहे, त्याने २०१५ मध्ये आपली वेळ बदलली. तिथे वर्षभर एकच वेळ, उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. म्हणजे उन्हाळ्यात मायामी कोझुमेलच्या एक तास पुढे आणि हिवाळ्यात दोन्ही सारखे. आमची क्रूझ जुलैत मायामीहून होती. जहाजाने आपली वेळ बदलली नाही. माझ्या फोनने किनाऱ्याचं नेटवर्क पकडलं आणि गुपचूप एक तास मागे गेला. दुसरी डाइव्ह संपवून निवांत टॅको खात होतो. फोनवर तीन वाजले होते, जहाजावर चार. साडेचारला सगळे आत हवे होते. शेजारच्या टेबलवरचं कुटुंब घाईने उठलं म्हणून सहज विचारलं. धक्क्यापर्यंत धावलो, अंगावर ओला वेटसूट.

जहाजातर्फे घेतलेली सहल उशिरा आली तर जहाज थांबतं. स्वतः ठरवून गेलात तर थांबत नाही. हातात साधं घड्याळ घाला, जहाजाच्या वेळेवर लावलेलं, आणि शॉपला वेळ देताना "जहाजाची की तुमची" हे लिहून विचारा.

---

खारावारा

तिसरा_डेक, हे मी लिहायला हवं होतं. डिसेंबरात आमचं जहाज ह्यूस्टनच्या वेळेवर होतं, कोझुमेल एक तास पुढे. शॉपने सकाळी नऊची बोट सांगितली, म्हणजे जहाजाचे आठ, आणि जहाज धक्क्याला लागणारच होतं आठला. मेलवर लक्षात आलं म्हणून दहाची घेतली.

हिवाळ्यात आणखी एक. तिथे उत्तरेकडून वारे येतात, त्यांना नोर्ते म्हणतात. वारा वाढला की बंदराचे अधिकारी छोट्या बोटींना समुद्र बंद करतात. जहाज धक्क्याला लागतं, पण डाइव्ह बोट सुटत नाही. पैसे परत मिळतील का, हे आधी विचारा.

---

निवांत

माझं मत वेगळं आहे. क्रूझवर सर्टिफिकेट घेऊच नये. शिकताना मन डाइव्हमध्ये हवं, घड्याळात नाही. मी अंदमानात स्वराज द्वीपला चार दिवस राहून केलं. एक दिवस पाऊस लागला, एक दिवस मला भीती वाटली, इन्स्ट्रक्टर म्हणाला उद्या करू. "उद्या करू" हे वाक्य क्रूझवर नाही.

नियंत्रित वर येण्याचा धडा असतो, टाकीतली हवा संपली असं धरून एका दमात वर यायचं, तोंडाने "आऽऽऽ" असा आवाज सतत काढत, म्हणजे श्वास रोखला जात नाही. स्कूबातला पहिला नियम तोच, श्वास कधी रोखायचा नाही. तो आवाज माझा पहिल्या दोन वेळा मध्येच बंद पडला. तिसऱ्यांदा जमलं. घाईत असतो तर इन्स्ट्रक्टरने दुसऱ्या वेळेलाच "चालेल" म्हटलं असतं का, हा विचार माझ्या मनात येतो.

---

खारावारा

निवांत, तुमचं म्हणणं मी मनापासून मानते. कुणाला चार दिवस एका जागी राहता येत असेल तर त्यांनी तेच करावं. आमच्या दोघांच्या रजा मिळून वर्षाला दहा दिवस, त्यात सासू-सासरेही बरोबर होते, त्यांच्यासाठी क्रूझ होती. आम्हाला दुसरा रस्ता नव्हता.

पण एक अट मी स्वतःला घातली होती आणि इथेही तीच सांगते: क्रूझ संपेपर्यंत झालंच पाहिजे असं धरून जाऊ नका. फॉर्म १२ महिने चालतो. इन्स्ट्रक्टर "परत करा" म्हणाला तर परत करा, वेळ संपली तर संपू द्या. शॉप निवडताना मी एकच प्रश्न विचारला, "एखाद्याला जमलं नाही तर तुम्ही काय करता?" एका शॉपचं उत्तर आलं, "आमच्याकडे सगळे पास होतात." तिथे मी गेले नाही.

---

कानसेन

हा प्रश्न फार चांगला आहे. मीही आता पेशंटना हाच विचारायला सांगेन.

---

कल्याणकर

सगळ्यांचे आभार. रात्री घरी चर्चा झाली. मालवणचो_वारो म्हणतात तसं फेब्रुवारीत तारकर्लीला जातो, तिघंही. मुलगा तयार आहे, बायकोला मास्कची भीती आहे, तिला खारावारा ताईंचा तीन संध्याकाळींचा अनुभव वाचून दाखवला. मेडिकल फॉर्म आजच काढला, मला रक्तदाबाची गोळी आहे आणि वय ४७, म्हणजे सही लागणार. शनिवारी डॉक्टरांकडे जातोय.

एक शेवटचं: स्वतःचं सामान काय घ्यावं?

---

खारावारा

कल्याणकर, छान ठरवलंत. फक्त मास्क घ्या, बाकी सगळं भाड्याने मिळतं. दुकानात मास्क चेहऱ्यावर ठेवा, पट्टा डोक्यामागे न लावता, आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावर मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तर तो तुमचा. मुलाला लहान मापाचा बघा. मिशी असेल तर वरच्या ओठाशी पाणी शिरतं, ते तलावातच तपासा. नवीन काचेला कारखान्यातला पातळ थर असतो, तो साध्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढा, नाहीतर धुकं धरेल.

वहिनींना सांगा, पहिल्या दिवशी मास्क न घालता नुसतं रेग्युलेटर तोंडात धरून पाण्यात तोंड घालायचं. पाच मिनिटं. इन्स्ट्रक्टरला आधीच सांगून ठेवा म्हणजे तो वेळ देईल. तारकर्लीहून आलात की इथे लिहा.